मुलाचा ताबा: समुपदेशकाच्या खोलीत काय होतं, काय व्हायला हवं

ताब्याच्या आदेशात बहुतेक वेळा एक ओळ असते: 'दिवाळीच्या सुट्टीतले अर्धे दिवस मूल वडिलांकडे राहील.' समजा, हा आदेश कोल्हापूरच्या कोर्टातला आहे. मूल आईबरोबर आजोळी, बेळगावात. शाळा कर्नाटकातली. आपल्याकडे शाळेला मधली मोठी सुट्टी पडते ती दसऱ्याची, दिवाळीला मोजून दोन-चार दिवस. आता वडील म्हणतात, हिनं मुद्दाम मूल पाठवलं नाही. आई म्हणते, शाळा बुडवून कसं पाठवू? दोघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत. पुढच्या तारखेला मात्र आदेश मोडल्याचा एक अर्ज वाढतो, आणि मुलाला घरात एवढंच कळतं की आपल्या सुट्टीवरून पुन्हा भांडण झालं.

यात न्यायाधीशांची चूक आहे असं नाही. त्यांच्यासमोर जे येतं त्यावर ते आदेश देतात. सुट्टी कधी लागते, मूल गाडीत ओकतं का, झोपताना त्याला कोण लागतं, मराठी माध्यमातून इंग्रजीत टाकलंय ते कितपत रुळलंय, या गोष्टी अर्ज-जबाबाच्या कागदात येतच नाहीत. त्या बोलायला वेगळी जागा लागते. ही जागा म्हणजे समुपदेशकाची खोली, आणि गरज पडल्यास मानसशास्त्रज्ञाची. आपल्याकडे बरेच पालक तिथं 'कोर्टानं सांगितलंय म्हणून एक सही करून यायची' अशा हिशेबानं जातात. म्हणून हा लेख.

कायद्यात याची सोय कुठे आहे

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, जिथं शक्य असेल तिथं आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे. कलम ६ मध्ये समुपदेशक नेमण्याची तरतूद आहे. किती आणि कुठल्या प्रकारचे, ते राज्य सरकारनं उच्च न्यायालयाच्या सल्ल्यानं ठरवायचं. त्यामुळे प्रत्येक राज्यात पद्धत निराळी दिसते. महाराष्ट्राच्या कौटुंबिक न्यायालयांत 'विवाह समुपदेशक' हे पदच आहे आणि प्रकरण दाखल झालं की पक्षकारांची गाठ बहुधा आधी त्यांच्याशी पडते. इतरत्र कुठे पॅनेलवरचे समुपदेशक, कुठे मध्यस्थी केंद्र, तर कुठे दोन्ही. कलम १२ तर सरळ सांगतं की न्यायालय वैद्यकीय तज्ज्ञाची किंवा कुटुंबकल्याणाचं काम करणाऱ्या व्यक्तीची मदत घेऊ शकतं. आणि कलम १४ मुळे असा अहवाल पुराव्याच्या नेहमीच्या काटेकोर नियमांत बसला नाही तरी न्यायालय तो विचारात घेऊ शकतं.

ताबा कुणाला, हे ठरवताना मुलाचं हित सर्वांत आधी. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यापासून १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यापर्यंत हे सूत्र आहे. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, असं १९५६ चा कायदा म्हणतो; 'सर्वसाधारणपणे' हा शब्द विसरू नका. दुसरा एक समज बाजारात फार पसरलाय की मूल नऊ वर्षांचं झालं की तेच ठरवतं. असा आकडा १८९० च्या कायद्यात नाही. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं, एवढंच त्यात आहे.

गोव्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी. तिथला कौटुंबिक कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतला आहे. बेळगावच्या वकिलानं सांगितलेलं हिंदू कायद्याचं कलम मडगावला तसंच लागेल असं धरून चालू नये. तिथला कायदा रोज हाताळणारा वकील गाठा.

कोण कोण असतं, आणि कुणाचं काम काय

इथं मोठा घोळ आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, तो वैद्यकीय डॉक्टर, औषध लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. चाचण्या, मूल्यमापन, बोलण्यातून उपचार हे त्याचं काम, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. मानसोपचार क्षेत्रातला समाजकार्यकर्ता घर, शाळा, शेजार अशी माहिती गोळा करण्यात तयार असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात यांना जागा आहे. 'कौन्सेलर' हा शब्द मात्र कुणीही पाटीवर लावू शकतो. दोन आठवड्यांचा कोर्स केलेलाही लावतो आणि वीस वर्षं मुलांबरोबर काम केलेलाही. फी देण्याआधी शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारा. चांगल्या तज्ज्ञाला त्याचा राग येत नाही.

त्याहून महत्त्वाचा फरक भूमिकेचा. उपचार करणारा आणि कोर्टासाठी मूल्यमापन करणारा, हे दोघं वेगळे असावेत. तुमच्या मुलीला झोप लागत नाही म्हणून ज्या मॅडमकडे तुम्ही सहा महिने नेताय, त्यांना तिचं दुःख माहीत आहे, पण समोरच्या पालकाला त्यांनी कदाचित पाहिलेलंही नाही. 'मूल आईकडेच ठेवावं' असं पत्र त्यांच्याकडून घेतलं, तर पहिल्याच उलटतपासणीत प्रश्न येतो: वडिलांना भेटलात का? नाही. मुलाला वडिलांबरोबर खेळताना पाहिलंत? नाही. मग हे मत कशावरून दिलंत? पत्र बाद होतंच, शिवाय मुलीचा त्या मॅडमवरचा विश्वासही जातो, कारण तिनं सांगितलेलं कोर्टात वाचलं गेलं. हे दुसरं नुकसान मोठं. दोन्ही पालकांना न भेटता ताब्याबद्दल शिफारस करणारा तज्ज्ञ कितीही नावाजलेला असो, त्याच्या कागदाला फार किंमत नाही.

तिसरी भूमिका मध्यस्थाची. तो कुणाच्या बाजूनं मत देत नाही, दोघांनी मिळून काय ठरवायचं याला वाट करून देतो. ताब्याच्या भांडणात मानसशास्त्र जाणणारा मध्यस्थ मिळाला तर निम्मं काम सोपं होतं. नवरा-बायकोचं भांडण आणि आई-बापांचं काम ही दोन वेगळी खाती आहेत, हे तो पहिल्याच बैठकीत वेगळं करून दाखवतो. पोटगी थकली म्हणून भेट बंद, भेट बंद म्हणून पोटगी बंद, ही वळतीची नोंद आपल्याकडे सर्रास चालते. कायद्यात ती बसत नाही, आणि मुलाच्या हिशेबात तर अजिबातच नाही.

खोलीत नेमकं काय होतं

बैठका सहसा वेगवेगळ्या होतात. आधी एकेक पालक. मूल जन्मल्यापासून त्याचं जेवण, आजारपण, अभ्यास कोण बघत आलं. वेगळं झाल्यावर काय बदललं. समोरच्याबद्दल भीती आहे की राग, हे विचारलं जातं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण राग असेल तर बोलून वाट निघू शकते, भीती असेल तर आधी सुरक्षितता पाहावी लागते.

मग मूल. लहान मुलाला 'तुला आई हवी की बाबा?' असं विचारणारा माणूस या कामातला नव्हे, हे खुशाल समजा. तज्ज्ञ त्याला चित्र काढायला देतो, खेळण्यातलं घर मांडायला देतो, शाळेतल्या मित्रांबद्दल बोलतो. आजारी पडलास की कुणाजवळ जाऊन झोपतोस, शाळेत बक्षीस मिळालं तर पहिल्यांदा कुणाला सांगशील, असे आडवळणाचे प्रश्न असतात. नंतर आईबरोबर आणि वडिलांबरोबर वेगवेगळं बसवून त्यांचं एकमेकांशी वागणं पाहिलं जातं. आजी-आजोबा, मामा, काका, वर्गशिक्षिका यांच्याशीही कधी बोलतात.

अनुभवी माणसाचा कान कशाकडे असतो? मुलाच्या तोंडी मोठ्यांचे शब्द आलेत का, याकडे. सात वर्षांचं पोर 'त्यांनी आमचं मेंटेनन्स थकवलंय' म्हणायला लागलं तर ते वाक्य घरातल्या दिवाणखान्यातून आलंय. भेटीच्या दिवशी सकाळी पोटात दुखणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं, शाळेला जायचं नाही म्हणणं, किंवा अचानक फार शहाण्यासारखं वागणं, आईला आपणच सांभाळायचं असं वाटणं, ही सगळी लक्षणं तो टिपतो. पण त्यावरून लगेच निष्कर्ष काढत नाही. निरोप घेताना मूल रडतं म्हणजे त्याला तिकडं छळतात असं नाही. परत येताना रडतं म्हणजे इकडं नको आहे असंही नाही. बऱ्याच मुलांना तो मधला क्षणच सोसत नाही. एका घराचं प्रेम दाखवलं तर दुसरं घर दुखावेल या भीतीत ते असतं. आईबाप वेगळे झाले यापेक्षा ते वेगळे होऊनही भांडत राहिले याची झळ मुलांना जास्त बसते, हे या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी वारंवार सांगितलंय.

आपल्या भागात आणखी एक अडचण येते, ती भाषेची. घरात मराठी बोलणारं मूल, समोर कन्नड, तेलुगू, गुजराती किंवा हिंदी बोलणारा तज्ज्ञ. शाळेपुरती भाषा येत असली तरी भीती आणि लाज सांगायला मूल घरच्या भाषेकडेच वळतं. मराठी जाणणारा समुपदेशक द्यावा अशी लेखी विनंती पहिल्याच तारखेला करा. नंतर केली तर वेळकाढूपणा वाटतो. तसा माणूस नसेल तर दुभाषा तटस्थ मागा. मामा किंवा आत्याला दुभाषा म्हणून बसवणं म्हणजे मुलाचं तोंड बंद करणं.

अहवाल कोण वाचतं

'समुपदेशकाशी बोललेलं बाहेर जात नाही' असं पालकांना सांगितलं जातं, ते अर्धं बरोबर आहे. समेटाच्या बोलण्यात कुणी काय कबूल केलं, कुठली तडजोड सुचवली, ते गोपनीय राहायला हवं, नाहीतर कुणी मोकळं बोलणार नाही. पण ताब्याच्या प्रकरणात मुलाशी बोलून तयार केलेला अहवाल न्यायालय पाहू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केलं. इथं न्यायालय दोन पक्षांचा वाद ऐकणारं पंच नसतं, मुलाच्या पालकाच्या जागी असतं, हे त्यामागचं तत्त्व. म्हणून बैठक सुरू होतानाच विचारून घ्या: हे बोलणं कुठल्या स्वरूपाचं आहे, अहवाल जाणार का, त्यात काय येणार?

अहवालाचं वजन किती असू शकतं याचं ताजं उदाहरण केरळमधलं. एका मुलाचा ताबा उच्च न्यायालयानं वडिलांना दिला, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. त्यानंतर मुलाची मानसिक स्थिती बिघडल्याचे, आईपासून दुरावण्याची तीव्र चिंता असल्याचे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या तज्ज्ञांचे अहवाल पुढे आले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःच्याच निकालाचा पुनर्विचार केला, ताबा आईकडे दिला आणि वडिलांचा भेटीचा हक्क राखला. देशातलं सर्वांत वरचं न्यायालय आपला निकाल क्वचितच फिरवतं. ताब्याचा आदेश मूल मोठं होईल तसा, परिस्थिती बदलेल तसा बदलू शकतो, हे यातून दिसलं. त्याच वेळी हेही दिसलं की आदेश देण्याआधी त्या मुलाशी कुणी नीट बोललं असतं तर मधले महिने त्याला काढावे लागले नसते.

'मुलाचे कान भरले'

हा आरोप प्रत्येक दुसऱ्या अर्जात असतो. त्याला आता एक भारदस्त नावही मिळालंय, पॅरेंटल एलियनेशन सिंड्रोम. हा शब्द अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये रूढ केला. मानसिक आजारांच्या अधिकृत अमेरिकी यादीत तो आजार म्हणून नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या एका निकालात या संकल्पनेची दखल घेतली. मे २०२४ मध्ये मात्र सांगितलं की असं लेबल घाईनं कुणावर चिकटवू नये, कान भरण्याचे ठोस प्रसंग कुठले ते आधी दाखवा.

मला हे पटतं. कान भरणारे आईबाप असतात, कुणी नाकारत नाही. पण बापानं दारू पिऊन आईला मारलेलं पाहिलेलं मूल बापाकडे जायला नको म्हणतं, तेव्हा तिथं कुणी कान भरायची गरज नसते. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणं हेच तर तज्ज्ञाचं काम.

उलट बाजूनं असाच वापर होतो तो 'हिचं डोकं ठिकाणावर नाही' या आरोपाचा. बाळंतपणानंतर घेतलेल्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी कपाटातून काढून कोर्टात लावली जाते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी विमनस्क ठरत नाही. ते ठरवायचं तर सक्षम न्यायालयानंच. उपचार घेणारा पालक बेजबाबदार नसतो. डिप्रेशनवर वेळेत गोळ्या घेणारी आई, काहीच मान्य न करणाऱ्या कुणापेक्षाही मुलाला जास्त धड सांभाळू शकते.

सीमेपलीकडच्या पालकांचा आराखडा

बैठकांमधून निघायला हवा तो लेखी आराखडा. परदेशांत त्याला पॅरेंटिंग प्लॅन म्हणतात. विधी आयोगानंही २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात त्याचा आणि संयुक्त ताब्याचा विचार मांडला आहे. 'भेटीचा हक्क राहील' एवढ्या एका ओळीवर सही करून घरी येऊ नका. त्या ओळीतूनच पुढची दहा वर्षं तारखा निघतात.

सुट्टी म्हणजे मूल ज्या शाळेत शिकतं त्या शाळेची सुट्टी, असं स्पष्ट लिहा. बेळगावच्या मुलाला दसरा, कोल्हापूरच्या मुलाला दिवाळी. गोव्यात चतुर्थीचा हिशेब वेगळा. उन्हाळ्याची सुट्टीही दोन राज्यांत एकाच दिवशी सुरू होत नाही आणि संपतही नाही. गणपती कुणाच्या घरचा, हे भावनेचं वाटलं तरी लिहून ठेवा. एक वर्ष इकडं, एक वर्ष तिकडं, असं चालतं.

मूल कुठे सोपवायचं? बेळगाव-कोल्हापूर साधारण एकशे दहा किलोमीटर. दर दुसऱ्या शनिवारी एकाच पालकानं जायचं-यायचं ठरलं तर तीन महिन्यांत तो थकतो आणि भेटी गळायला लागतात. मध्ये निपाणीला सोपवणं हा सोयीचा मार्ग. जागा उजेडाची, वर्दळीची असावी, पोलीस ठाण्याचं आवार शक्यतो नको. मुलाला गुन्हेगारासारखं वाटतं. भांडण टळणार नसेल तर आईबापांनी समोर यायचंच नाही, दोघांना मान्य असलेला मामा किंवा काका सोपवेल, असं ठरवता येतं.

फोनचं तर नक्की लिहा. जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की आईबाप वेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तेव्हा भेटीबरोबर संपर्काचा हक्कही तितकाच महत्त्वाचा. ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं. वेळ ठरलेली असावी, फोन मुलाच्या हातात द्यावा, स्पीकरवर ठेवून शेजारी बसू नये. आणि मुलाच्या तोंडून निरोप पाठवू नये, 'बाबांना सांग फी भरायची राहिली.' फीचं तुम्ही बघा.

शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट कुणाकडे राहील, आजारपणात निर्णय कोण घेईल, शाळा किंवा माध्यम बदलायचं तर दुसऱ्याला किती आधी कळवायचं, हेही त्यात यावं. वर्षातून एकदा बसून आराखडा तपासू, असं कलम घाला. चार वर्षांच्या मुलाचं वेळापत्रक दहाव्या वर्षी उपयोगाचं राहत नाही.

हे सगळं बोलून ठरवण्याचा आणखी एक व्यवहारी फायदा. मुलाच्या ताब्याचा अर्ज साधारणपणे मूल जिथं राहतं तिथल्या न्यायालयात करावा लागतो, घटस्फोटाचा दावा दुसऱ्या राज्यात असू शकतो. एका राज्यातलं प्रकरण दुसऱ्या राज्यात हलवायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. म्हणजे कोल्हापूरहून बेळगावला केस आणायची तर वाट दिल्लीवरून जाते.

बैठकीला नाही म्हणावं तेव्हा

घरात मारहाण झाली असेल, मुलावर अत्याचाराचा संशय असेल, किंवा एका पालकासमोर दुसऱ्याचा आवाजच फुटत नसेल, तर एकत्र बैठक नको. हे समुपदेशकाला पहिल्याच भेटीत एकांतात सांगा. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि मुलाला धोका वाटला तर भेट नाकारूही शकतात. भेट द्यायचीच असेल तर तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली मागता येते. 'घरातलं घरात मिटवा' हा सल्ला देणारे नातेवाईक आपल्याकडे खूप. अशा वेळी तो ऐकू नये.

मदत कुठे

कोर्टाचा समुपदेशक विनाशुल्क असतो. महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. मानसिक उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आधी गाठा. मोठ्या सरकारी संस्थांत धारवाडची डिमहान्स आपल्याला जवळची, गोव्याला बांबोळीची मानसोपचार संस्था, वडोदऱ्याला कारेलीबाग, हैदराबादला एर्रागड्डा, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा. टेलिमानस १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, फोन मोफत. मूल संकटात असेल तर १०९८.

पहिल्या बैठकीला जाताना फोटोंचे गठ्ठे आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट नेले नाहीत तरी चालतं. शाळेचं वर्षाचं सुट्ट्यांचं पत्रक, मुलाचा दिनक्रम आणि डॉक्टरांची फाइल तेवढी न्या.